छबीच्या तोंडातला पदर

चांगुणाचा हात थरथरायला लागला तेव्हा तिला वाटलं, भूक लागली असेल. मग ती जेवली. चांगली पोटभर जेवली. हात थरथरतच राहिला.

हा हात काही साधासुधा नव्हता. येवल्यात लहानपणी ती एका पैठणीवाल्याकडे रेशमाच्या कांड्या भरायला जायची. तार केसाहून बारीक, पण चांगुणाच्या बोटांतून ती कधी तुटली नाही. मालकीण बाकीच्या पोरींना म्हणायची, "तिच्याकडं बघा जरा. तुम्ही नुसत्या म्हशीवानी हिसडे देता." सत्याहत्तर साली लग्न होऊन ती नाशकात आली तेव्हा माहेराहून आणलेलं तिचं खरं धन म्हणजे हे स्थिर हात. आणि त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याच हातांना सुईत दोरा ओवता येईना.

वजन उतरलं. डोळे मोठे दिसायला लागले, कुणी दचकवल्यासारखे. बाहेर लोक शेकोटी करून बसलेले असताना ही घामानं निथळायची. एका जागी बसणं तर विसरलीच होती. घासलेलं पातेलं पुन्हा घासायची, घडी केलेलं धुणं मोडून पुन्हा घडी घालायची. शेजारच्या लताबाई दारातून ओरडायच्या, "अहो चांगुणाबाई, त्या पातेल्याची आता चाळणी व्हईल! कशात शिजवाल मग?"

"माझ्या छातीत कुणीतरी पळतंय हो लताबाई," ती म्हणायची आणि झाडू उचलायची.

तिचा नवरा भिकन. मूळचा नामपूरचा, अंबडच्या एका कारखान्यात कामाला. त्याचं काम शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून समजायचं नाही. मोठमोठ्या लोखंडी टाक्यांचे जोड वेल्डिंगनं भरले, की ते आतून पोकळ तर राहिले नाहीत ना, हे बघायला त्यांचे फोटो काढायचे. दवाखान्यात हाडाचा काढतात तसा लोखंडाचा. त्याच्या कॅमेऱ्याला भिंग नव्हतं. शिशाच्या जड भांड्यात शेंगदाण्याहून लहान असा एक धातूचा तुकडा होता, किरणं सोडणारा. तो बाहेर सरकवला की माणसांनी दोरीच्या पलीकडं पळायचं आणि तो परत आत जाईपर्यंत तिकडंच थांबायचं. भिकनच्या छातीला एक चपटा बिल्ला असायचा. दर महिन्याला तो मुंबईला जायचा आणि भिकनच्या अंगावर किरणं किती पडली ते तिथून कळायचं.

"तुमचे मालक मिल्ट्रीत होते का वो?" लताबाई विचारायच्या. "कामावर जाताना मेडल लावून जात्यात."

सिव्हिलच्या डॉक्टरांनी चांगुणाच्या गळ्याला हात लावला, पाणी गिळायला लावलं आणि सांगितलं, गळ्यातली गाठ जास्त काम करतेय. तिथून रवानगी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. तिथं तिला एका पेल्यात औषध प्यायला दिलं. नुसतं पाण्यासारखं. चव ना ढव.

भिकनला मात्र ते लगेच उमगलं. परतीच्या एसटीत त्यानं बायकोला आपल्या भाषेत समजावलं, "गळ्यातली ती गाठ आयोडीन खाती. मिठात-बिठात असतं ते. तुला दिलं ते आयोडीन किरणांचं. गाठ ते खाणार आणि आतल्या आत जळणार. आता काही दिवस तू माझ्या कॅमेऱ्यावानी हाय बघ. फरक एवढाच, तुझ्याभोवती दोरी बांधता येत नाय."

"आणि छबी?"

"छबीला जवळ घ्यायचं नाय. अंगावर तर पाजायचंच नाय. सिस्टर बोलली ते ऐकलंस ना? भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, कपडे वेगळे धुवायचे."

छबी अडीच वर्षांची. दिवसा भाकरी खायची, पण झोपताना आई लागायचीच. अंगावर पिऊन झालं की आईच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखत चोखत झोपायची. पदर सोडवून घ्यायला गेलं की डोळे टक्क उघडे. चांगुणाच्या सगळ्या पातळांची टोकं चघळून भुरकट झालेली.

तर ठरलं असं, की छबीला आजीनं नामपूरला घेऊन जायचं. भिकनची आई नवसाबाई. कांद्याच्या मार्केटात कांदे निवडायला जाणारी, आवाजानं आणि मनगटानं दणकट बाई. चांगुणा मुंबईहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती नाशकात हजर झाली. भिकन कामावर होता. छबी लताबाईंच्या घरात आईच्या नावानं रडत होती, आणि चांगुणा इकडं दाराच्या आत येरझारा घालत होती. नवसाबाई उंबऱ्यावर थांबली आणि आपल्या अहिराणीत कामाचंच बोलली.

"पोर तठे रडी ते मी काय करू? तुनं आंगवरनं पातळ दे माले. धोयेल नको दिऊ, वास निंघी जाई."

आईपासून लेकरू तोडायचं झालं तर आईचं अंगावरचं, न धुतलेलं लुगडं त्याच्या उशाला द्यायचं. मागच्या कितीतरी पिढ्यांनी केलेली गोष्ट. चांगुणाला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. उलट जीव भरून आला. आपण नाही तर आपला वास तरी लेकरापाशी राहील. अंगावर हिरवं पातळ होतं. मुंबईत तेच, एसटीत तेच, रात्री घामात भिजलं तेही तेच. औषध पिऊन तोंड पुसलं होतं तेही त्याच्याच पदरानं. तिनं ते बदललं, घडी केली आणि हातभर लांबून उंबऱ्यावर ठेवलं. शहाणपण दाखवलं ते एवढंच, की सासूच्या हाताला हात लागू दिला नाही.

पुढं आठवडाभरानं सुट्टीच्या दिवशी भिकन धुणं धुवायला बसला. सिस्टरनं सांगितल्याप्रमाणं बायकोचे कपडे त्यानं वेगळ्या घमेल्यात काढले.

"ते हिरवं पातळ कुठं गं?"

"कोणतं?"

"मुंबईला नेसलेलं."

"ते छबीसंगं गेलं. आत्याबाईंनी मागितलं."

"धुवून दिलंस?"

"धुतल्यावर वास कसा ऱ्हायील?"

भिकन घमेल्यापाशीच बसून राहिला. नळ चालू होता, पाणी वाहत होतं. चांगुणानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या छातीतलं ते पळणारं एकदम थांबल्यासारखं झालं.

"आवो, काय झालं?"

"तुझा घाम, तुझी लाळ. औषध त्यातून बाहेर पडतं. तेच वेगळं धुवायचं होतं गं." मग नळ बंद करून म्हणाला, "आणि ती पदर चोखती."

नामपूरला जायला सीबीएस स्टँडवर ते सटाण्याच्या गाडीला उभे राहिले तेव्हा भिकन तिला शेवटचं समजावत होता. तू येऊन काय करणार, तुला तिला उचलता तरी येणार आहे का. चांगुणा म्हणाली, "घरात बसून माझं काळीज फुटंल. मी मागं बसते. तुम्ही पुढं बसा."

मागं बसली खरी, पण बसणं तिच्या नशिबात नव्हतं. पिंपळगावला एक लेकुरवाळी बाई शेजारी टेकली. चांगुणा ताडकन उठली. पुढच्या बाकाशी गेली, तिथं एक पोर खिडकीला चिकटलेलं. तिथून दाराशी. दाराशी एक पोटुशी बाई चढली. चांगुणा परत मागं.

कंडक्टर वैतागला. "ओ ताई, जागा हाय तर बसून घ्या ना! गाडीत काय फुगडी मांडली का?"

गाडीत हशा झाला. चांगुणाही हसल्यासारखं करून दांड्याला धरून उभी राहिली. सटाण्यापर्यंत उभीच. आपल्या गळ्यातून काहीतरी निघून चहूकडं उडतंय आणि ते आपल्याला दिसत नाही, एवढंच तिच्या मनात होतं. तिला वाटलं, दिसत असतं तर बरं झालं असतं. काजळीसारखं. निदान कुणाला किती लागलं ते पुसता आलं असतं.

नामपूरला ते पोचले तेव्हा छबी ओट्यावर दुपारची झोपली होती. हिरवं पातळ तिच्या अंगाखाली अर्धं, अंगावर अर्धं. टोक तोंडात. झोपेतही ओठ हलत होते. टोक ओलं गच्च. भिकननं वाकून ते हलकेच ओढलं. पोरीनं डोळे उघडले, बापाला पाहिलं, आणि बापाच्या खांद्यावरून पलीकडं अंगणात उभी असलेली आई पाहिली.

"आई!"

ती ओट्यावरून घसरून पळत सुटली. आणि चांगुणा मागं सरकली. छबी पुढं, ती मागं. अंगणात लिंबाचं झाड होतं. चांगुणा झाडाआड झाली. छबीला वाटलं, आई खेळतेय. ती खिदळायला लागली. आई झाडाच्या या अंगाला, पोर त्या अंगाला. पोर इकडून आली की आई तिकडून. "धरलं! धरलं!" छबी ओरडत होती. चांगुणा धापा टाकत, पदर वर आवरून घेत पळत होती आणि म्हणत होती, "आवो, धरा तिला! धरा ना कुणीतरी!"

नवसाबाईनं पोरीला बखोटीला धरून उचललं. तेव्हा कुठं छबीला कळलं की हा खेळ नाही, आणि तिनं टाहो फोडला.

"काय व्हयनं रे?" नवसाबाई लेकावर खेकसली. "पोर मजामा होती. माय देखीसन पोरले रडावं का?"

भिकननं पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि तोंड बांधलं.

"काय शे रे त्या पातळमा? इख शे का? मी काय नातले इख चारसू?"

"माय, डोयाले दिखस नही ते," भिकन म्हणाला. नवसाबाई पिशवीकडं बघत राहिली. मग तिनं छबीच्या तोंडात बोट घालून आतून सगळं पुसून काढलं, पुन्हा पुन्हा, पोर ओकारी देईपर्यंत.

नाशकाला परतताना आजी आणि नात पहिल्या बाकावर, चांगुणा शेवटच्या. छबीचं रडणं आख्खी गाडी ओलांडून मागं येत होतं.

कारखान्यात किरणांची जबाबदारी वडनेरे साहेबांकडं होती. ते घरून सायकलवर आले, मीटर काढलं आणि गेटच्या आतल्या झाडाखाली सगळ्यांना उभं केलं. मीटर म्हणजे कडीचा डबा, वर काटा. किरणं आली की टकटक वाजायचं. आधी त्यांनी ते नुसतंच हवेत धरलं. मधूनच एखादं टक. मग चांगुणाच्या गळ्यासमोर नेलं. तापलेल्या कढईत मोहरी पडावी तसा तो डबा तडतडला. छबीला मजा वाटून ती रडायची थांबली. पिशवीतल्या पातळावर धरलं, तिथंही तडतड, पण कमी. मग साहेब गुडघ्यावर बसले.

"ये बाळ, हे घड्याळ ऐकायचं का?"

छबीच्या मांडीजवळ हवेतल्यासारखंच, मधूनच एखादं टक. हाताजवळ तसंच. गळ्याजवळ आलं आणि ते टक टक टक करत राहिलं. फार जोरात नव्हतं. पण थांबतही नव्हतं.

चांगुणा लांबून बघत होती. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"साहेब," भिकन म्हणाला, "माझ्यावानी बिल्ला लावला असता पोरीला, तर किती झालं ते कळलं असतं ना?"

"नाही रे. बिल्ल्याला बाहेरून आलेलं कळतं. तुझ्या कामावर तू दोरीपलीकडं गेलास की विषय मिटला. हिच्या ते आत जाऊन बसलंय. ही नामपूरला गेली काय, नाशकात आली काय, ते हिच्याबरोबरच. आतलं आणि बाहेरचं, दोन्हींची बेरीज करायची, आणि आतल्याचा हिशोब मला येत नाही. खोटं कशाला सांगू? उद्या मुंबई गाठा. पातळ घेऊन जा."

मुंबईच्या दवाखान्यातली डॉक्टरीण पन्नाशीची होती, बोलायला तुटक. तिनं छबीच्या गळ्यासमोर एक नळकांडं लावलं आणि पोरगी हलू नये म्हणून भिकनला तिच्यापुढं माकडासारखी तोंडं करायला लावली. पातळाची दोन टोकं कापून घेतली, पदराचं चोखलेलं आणि न चोखलेलं. "दोन्हींत किती फरक निघतो बघू. जे कमी भरेल ते बरंचसं पोटात गेलं असं धरायचं." मग प्रश्न सुरू झाले. औषधानंतर आई आणि मूल एका खोलीत होती का? तिला उचललं होतं का? अंगावर पाजलं?

"नाय बाई, तेवढं नाय केलं. शपथ."

"शपथ नको. विचारतेय कारण मोजायचंय. घरात मीठ कोणतं?"

"खड्याचं," चांगुणा गोंधळून म्हणाली. "सगळ्यांकडं असतं तेच."

डॉक्टरणीनं मान हलवली. "त्यात आयोडीन नसल्यात जमा. पोरीची गाठ उपाशी होती. उपाशी गाठ मिळेल ते जास्त ओढून घेते. आणि तिची गाठ एवढीशी. तेवढ्याच औषधाचा मार छोट्या जागेत जास्त बसतो. वाढतं वय, म्हणून आणखी काळजी."

दुपारी तिनं पुन्हा बोलावलं. बाहेरून लागलेलं नगण्य, ती म्हणाली, पोर लांब ठेवलीत ते बरं केलंत. आतून गेलं ते खरं. पण थोडं गेलं. आईला दिलं त्याच्या पासंगालाही नाही. आता काढून टाकता येणार नाही, ते आपोआप विरेल. काही आठवड्यांनी मीटरलाही सापडणार नाही.

"मग झालं तर!" भिकन म्हणाला.

"विरेल, पण जाताना गाठीला जे करायचं ते थोडंफार करून जाईल. पुढं कधीतरी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, त्या गाठीत कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढली. किती, ते अंदाजानंच सांगते. अशा हजार पोरी धरा. हे काही झालं नसतं तरी त्यांतल्या एकदोघींना तो एरवीही झाला असता. आता फार तर आणखी एकीला. बाकी सगळ्या ठणठणीत म्हाताऱ्या होतील."

भिकननं सुस्कारा सोडला. त्याला हा आकडा लहान वाटला. तो रोज आकड्यांच्या संगतीत वावरणारा माणूस. चांगुणा उभीच होती. तिनं विचारलं,

"बाई, ती एक कोणती?"

"म्हणजे?"

"हजारातली ती जास्तीची एक. ती कोणती?"

तुटक बोलणारी बाई जरा हळू झाली. "ते मला कळत नाही. कुणालाच कळत नाही. हा अंदाज गर्दीचा असतो, एका पोरीचा नसतो. तू एवढंच कर. वर्षातून एकदा दाखवायला आण. मधे तूच बघत जा. पाणी प्यायला लावायचं, गिळताना गळा बघायचा, बोटानं चाचपायचं. या गाठीचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो. हे मात्र अंदाजानं नाही सांगत."

मुंबईहून परत आणलेलं हिरवं पातळ वडनेरे साहेबांनी कारखान्यात कुलपात ठेवलं होतं. पावसाळा संपता संपता त्यांनी ते बाहेर काढलं, मीटर फिरवलं. मधूनच एखादं टक, हवेतल्यासारखं.

"घ्या वहिनी. पातळ मोकळं झालं."

"पातळ सुटलं," चांगुणा म्हणाली आणि ते घेऊन घरी आली.

तोवर तिचे स्वतःचे हात थांबले होते. गळ्यातली गाठ जळून गेली, छातीतलं पळणं बंद पडलं, अंग भरलं. थोडं जास्तच भरलं. गाठ अगदीच निकामी झाली म्हणून आता रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, ती जन्मभर. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायला लागला. लताबाई म्हणाल्या, "चला, पातेली वाचली!" त्यांना वाटलं, बाई शांत झाली. मागच्या खोलीत रोज सकाळी काय चालायचं ते त्यांना दिसत नव्हतं.

उठल्या उठल्या छबीला दाराच्या उजेडात उभं करायचं. मान वर. पेला हातात. "गीळ." गळ्याखालची ती बारीक हालचाल वर जायची, खाली यायची. चांगुणाची बोटं दोन्ही अंगांनी फिरायची, रेशमाच्या तारेत गाठ आली का ते बघावं तशी. डॉक्टरणीनं सांगितलं होतं मधून मधून. चांगुणानं रोजचं धरलं. कधी दुपारी केस विंचरताना बोटं मानेकडून पुढं यायची. कधी छबी सर्दीनं गळ्यात कफ घेऊन आली की चांगुणा तिला पुन्हा दाराच्या उजेडात उभं करायची. नवसाबाई नामपूरहून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "देखं का आज?" लुगडं मागितल्याचं ती कधी बोलली नाही. पण पुन्हा कुठल्या लेकराच्या उशाला तिनं कुणाचं लुगडं ठेवू दिलं नाही. गावातल्या बाया हसायच्या. ती शिव्या द्यायची.

भिकन कधी कधी चिडायचा. "अगं, हजारात एक! रस्त्यावरून शाळेत जाती त्याची जोखीम याहून जास्त असंल."

"रस्त्यावर तिला मी नाय ढकललं," चांगुणा म्हणायची. त्यावर भिकन बिल्ला लावून कामावर निघून जायचा.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये छबी तिसरीत गेली. नवा गणवेश, दोन वेण्या, जीभ आजीची. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून पाणी पिता पिता तिनं विचारलं,

"आई, सगळ्यांच्या आया रोज असं बघतात?"

"नाय."

"मग तूच का?"

चांगुणाची बोटं गळ्यावर थांबली. एक ना एक दिवस हे सांगावं लागणार, हे तिला माहीत होतं. पण तो दिवस असा वेण्या घालून, दप्तर लावून येईल असं वाटलं नव्हतं. तिनं सांगितलं. जमेल तसं. मी औषध प्याले, ते घामातून पातळात आलं, तू पदर चोखलास, ते तुझ्यात गेलं. थोडंच गेलं. म्हणून बघते.

छबीनं ऐकून घेतलं. "ते हिरवं? गोधडीत शिवलंय ते?"

"तेच. आता त्यात काही नाय."

"आणि माझ्यात?"

"त्या औषधातलं आता काही नाय." खोटं बोलणं सोपं होतं. "पण जाताना काही करून गेलं असंल तर ते कळायला बघावं लागतं."

"अजून किती दिवस बघशील?"

"मी हाय तोवर."

छबीनं थोडा विचार केला. मग पेला खाली ठेवला, कोनाड्यातली आईची गोळ्यांची बाटली घेतली, एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिला खांद्यांना धरून दाराच्या उजेडात वळवलं.

"आता तू पी. मी बघते."

"माझं काय बघायचंय? माझी गाठ कधीच जळाली."

"तरी पण."

चांगुणानं गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, मान वर केली. तिच्या गळ्यावर थंड, ओली, लहान बोटं टेकली. तिला गिळवेना.

"गीळ ना गं लवकर," छबी म्हणाली, "प्रार्थना सुरू होईल."